बिराजदार सरांचा एक मीटर

आमच्या लातूरच्या शाळेत पीटीच्या तासाला कुणी तास मानत नव्हतं. गणिताचे सर सकाळीच वेळापत्रक बघायचे आणि म्हणायचे, "आठवी ब ला आज पीटी आहे ना? घेऊन टाकतो." ज्या गावात पोरगं पाचवीत गेलं की आईबाप डॉक्टरकीच्या क्लासची चौकशी करायला लागतात, तिथं पीटीच्या मास्तरला कोण विचारतो? पण बिराजदार सर तास देत नसत. वर्गात गणिताचे सर खडू घेऊन उभे आणि दारात हे शिट्टी घेऊन उभे, असं मी कितीदा पाहिलं आहे.

"सर, तुमचा त्रिकोण उद्याबी तिथंच राहील," ते शांतपणे म्हणायचे. "पोरांचा दम राहायचा न्हाई."

आणि पन्नास पोरं गणिताच्या सरांच्या डोळ्यांदेखत बाहेर पळायची. गणिताचे सर मग स्टाफरूममध्ये येऊन माझ्याशी भांडायचे. मी भूगोल शिकवायचे, म्हणजे माझ्या विषयालाही फारसा मान नव्हता, त्यामुळे मी मनातून बिराजदार सरांच्या बाजूची.

दिसायला माणूस साधाच. बुटका, पायांत थोडा बाक, मिशी पांढरी आणि केस मात्र काळे. कॅनव्हासचे बूट ते दर रविवारी स्वतः पांढरे करायचे. गाव निलंग्याच्या पलीकडे, सीमेला लागून, त्यामुळे घरात कानडी. एरवी आमच्यासारखंच बोलायचे, पण मोजायला लागले की कानडीत जायचे. मैदानावर ते "ओंदु, एरडु, मूरु" करत पावलं टाकायला लागले की पोरं त्यांच्यामागे तसंच म्हणत चालायची. त्यांनाही ते चालायचं.

खिशात पेनाऐवजी स्टीलची टेप. कशालाही टेप लावायचे. स्टाफरूममध्ये नवीन टेबल आलं तेव्हा सगळ्यांनी पेढे खाल्ले आणि यांनी टेबल मोजलं. बिलापेक्षा चार बोटं कमी भरलं. दुकानदाराला परत बोलावलं. मुख्याध्यापक वैतागले, "अहो, त्याच्यावर डबेच तर खायचे आहेत!" सर म्हणाले, "माप म्हणजे माप."

हे वेड त्यांना एकदा चांगलंच महागात पडलं. शाळेच्या व्हरांड्यात विक्रमांचा एक फलक होता. शंभर मीटरचा विक्रम संस्थाचालकांच्या थोरल्या मुलाच्या नावावर, कित्येक वर्षं. सरांनी नोकरीला लागल्याच्या दुसऱ्याच वर्षी ती जुनी धावपट्टी मोजली. चौऱ्याण्णव मीटर निघाली. दुसऱ्या दिवशी स्टुलावर चढून त्यांनी स्वतःच्या हातानं तो विक्रम पुसला आणि तिथं लिहिलं, "अंतर अपुरे." संस्थाचालकांनी बोलावून घेतलं. आत काय झालं ते कळलं नाही, पण पुढची आठ वर्षं त्यांना वरची श्रेणी मिळाली नाही. त्याबद्दल त्यांनी कधी हूं का चूं केलं नाही. मात्र या प्रकारानं त्यांचं नाव जिल्ह्यात झालं. कुठंही मैदान आखायचं असलं की बिराजदारांना बोलवा. औशाहून, उदगीरहून, पार नांदेडहून बोलावणी यायची, आणि त्यांनी आखलेल्या मैदानावर दुसरं कुणी टेप धरत नसे. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं यातूनच झालं.

सरांचा खरा जीव होता शटल रनमध्ये. वीस मीटरवर समोरासमोर दोन रेघा. शिट्टी वाजली की या रेघेवरून निघायचं आणि पुढची वाजायच्या आत त्या रेघेवर पोचायचं, वळायचं, परत. दर मिनिटाला एक टप्पा संपतो आणि शिट्ट्या जवळ जवळ यायला लागतात. दोनदा रेघ चुकली की बाहेर. जितके टप्पे झाले तितका तुमचा दम. "यात वशिला चालत न्हाई मॅडम," ते मला म्हणायचे. "बाप कोण, बूट कसले, काही विचारत न्हाई ही शिट्टी."

या चाचणीची ध्वनिफीत मिळते. तिच्यात एक इंग्रज माणूस टप्पे सांगतो. अर्ध्या पोरांना तो काय म्हणतो ते कळायचं नाही आणि उरलेल्यांना हसू यायचं. मग सरांनी घरी बसून, हातात घड्याळ धरून, तीन दिवस खपून सगळी फीत स्वतःच्या आवाजात करून घेतली. "तिसरा टप्पा. पोरांनो, घाई करू नका." "पाचवा टप्पा. आता खरं चालू झालं." फक्त चौथ्या टप्प्यात मध्येच बिराजदार काकूंच्या कुकरची शिट्टी आली आहे. नवीन पोरं तिथं हमखास अर्ध्यातनंच मागं वळायची आणि जुनी पोरं पोट धरून हसायची. मी म्हटलं, पुन्हा करून घ्या ना. म्हणाले, "असू द्या. शिट्टी कुठली आपली, हे ओळखायला आलं पाहिजे."

प्रज्ञा सातवीत आमच्याकडे आली. निलंग्याकडच्या एका खेड्यातली, इथं मुलींच्या वसतिगृहात राहायची. आईवडील दोघं मजुरीला, पाठीवर दोन बारकी भावंडं. वर्गात ही मुलगी आहे की नाही कळायचं नाही. माझ्या तासाला तिनं वर्षभरात एकदा हात वर केला असेल, तोही पाणी प्यायला जाऊ का म्हणून. मैदानावर मात्र वेगळीच. पळताना तिचे खांदे हलत नसत, तोंड मिटलेलं असायचं आणि वळताना ती एक पाऊलसुद्धा वाया घालवायची नाही. सरांनी तिला बूट आणून दिले. ती ते घालून रेघेपर्यंत यायची, तिथं काढून नीट जोडीनं ठेवायची आणि अनवाणी पळायची.

एका क्रीडा प्रशालेची निवड चाचणी होणार होती. तिथं घेतलं की राहणं, जेवण, शाळा, प्रशिक्षण, सगळं बारावीपर्यंत त्यांचं. चौदा वर्षांच्या आतल्या मुलींना शटल रनचा आठवा टप्पा पुरा करावा लागणार होता. प्रज्ञाचं वय बसत होतं, पण शेवटचंच वर्ष. तिचे वडील एकदा वसतिगृहात भेटायला आले तेव्हा शाळेतही आले. टोपी हातात धरून मैदानाच्या कडेला उभे राहिले. मी तिथंच होते.

"जय भीम सर. एक बोलायचं होतं. ही निवड झाली तर शिकू द्यायची, असं मी तिच्या आईला बोललोय. न्हाई झाली तर घरी न्यावं लागंल. बारकी दोघं हायत, त्यांना बघायला कुणी न्हाई."

"निवड हुणार," सर म्हणाले. "लिहून देतो तुम्हाला."

मला नवल वाटलं, कारण हा माणूस कुणाला काही लिहून देणाऱ्यांतला नव्हता. शिवाय रोजच्या सरावात प्रज्ञाचा सातवाच टप्पा जेमतेम पुरा व्हायचा. आठव्यात दोन-तीन फेऱ्या झाल्या की ती रेघेला कमी पडायची. मग रेघेवरच गुडघ्यांत डोकं घालून बसायची. सर तिच्यापाशी उकिडवे बसून म्हणायचे, "नांदेडला गेलीस की आठवा सहज हुतो बघ." चाचणी नांदेडच्या मैदानावर होती. मला वाटायचं, पोरीला धीर देऊन राहिलेत.

चाचणीच्या दोन दिवस आधी नांदेडहून निरोप आला. तिथल्या मैदानावर कसलीशी सभा ठरली, म्हणून चाचणी लातूरला, आमच्याच शाळेच्या मैदानावर होईल. शाळेत आनंदीआनंद. घरचं मैदान, घरची माती! पोरींनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी सर शाळेत नव्हते. निवडणुकीच्या कामाच्या प्रशिक्षणाला त्यांना औशाला धाडलं होतं, आणि ते प्रशिक्षण तीन दिवसांचं. निरोप त्यांना कुणी दिलाच नाही. मुख्याध्यापकांना वाटलं मी दिला असेल, मला वाटलं मुख्याध्यापकांनी. 

नांदेडहून दोन पंच आले. एकानं जीपमधून टेप काढली. मैदानात सरांच्या दोन्ही रेघा तयार होत्या. चुना वाऱ्यापावसात टिकत नाही म्हणून सरांनी जमिनीत विटा पुरून रेघा कायमच्या केल्या होत्या आणि वरून चुना. पंचांनी शिपायाला विचारलं, "मैदान कुणी आखलं?"

"बिराजदार सरांनी."

"मग ठेव ती टेप गाडीत," पंच सोबत्याला म्हणाला. शिपायाच्या चेहऱ्यावर केवढा अभिमान होता! आम्हां सगळ्यांनाच होता. फेऱ्यांच्या खुणा करायला मला टेबलाशी बसवलं होतं.

मुलींची तुकडी पाचव्या टप्प्यात होती तेव्हा सर फाटकातून आत आले. औशाला कुणाकडून तरी कळल्यावर प्रशिक्षण अर्धं टाकून, मिळेल त्या गाडीनं आले होते. मला वाटलं, येऊन प्रज्ञाला ओरडून धीर देतील. ते फाटकाशीच थांबले. एक हात फाटकावर. चेहरा पार उतरलेला. मी हात केला तर त्यांनी पाहिलंही नाही. सहावा झाला, सातवा झाला. आठव्यात प्रज्ञानं तीन फेऱ्या काढल्या, चौथीला रेघ चुकली, पाचवीला पुन्हा चुकली. पंचानं हात वर केला. ती रेघेवर बसली आणि तिनं वळून फाटकाकडे पाहिलं. त्या दिवशी तिघांचीच निवड झाली, दोन मुलगे आणि देगलूरकडची एक दणकट मुलगी. पंच जाताना सरांना म्हणाले, "मैदान एक नंबर आहे तुमचं." सरांनी नुसती मान हलवली.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. मी वह्या तपासत होते.

"मॅडम, ते मैदान एकवीस मीटर हाय."

मला कळलंच नाही. मी विचारलं, कुठलं मैदान?

"आपलंच. पाच वर्षं झाली. मीच एक मीटर वाढवला. पोरं नांदेडला जायची आन् हरून यायची. आपल्या पोरांना दूध न्हाई, तालीम न्हाई, पायात काही न्हाई. म्हटलं, हितं एकवीस पळतील तर तिथं वीस सोपं जाईल. कुणाला सांगितलं न्हाई. सांगितलं की पोरं मनातनं एक मीटर वजा करतात." मग म्हणाले, "माप कमी करणं चोरी. जास्त करणं चोरी कशी, असं वाटायचं मला."

संस्थाचालकाच्या पोराचे सहा मीटर ज्यानं स्टुलावर चढून पुसले, त्या माणसानं हे केलं होतं. मला राग आला आणि मी तो लपवला नाही. म्हटलं, "फाटकात उभे राहून काय बघत होता मग? तिथंच ओरडायचं होतं ना! जेवणानंतर परत घेतली असती चाचणी!"

"हाव. घेतली असती." ते टेबलाकडे बघत होते. "पण सगळ्यांसमोर म्हणावं लागलं असतं, बिराजदारचं माप खोटं हाय. तेवढ्यात सहावा झाला. वाटलं, पोरगी काढती. एक मीटरनं काय हुतंय, काढती ती."

मी त्यांना हाताला धरून उठवलं नाही एवढंच. त्याच दिवशी अर्ज लिहायला लावला, सगळं खरं खरं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना नांदेडला पाठवलं. संध्याकाळी ते परत आले ते अर्ज खिशात घेऊनच. निवड चाचणीच्या साहेबांनी ऐकून घेतलं होतं, चहासुद्धा पाजला होता. म्हणाले होते, यादी वर गेली आहे. हा अर्ज घेतला तर लातूरचं केंद्रच रद्द होईल, निवडलेली तीन पोरंही जातील. नवी चाचणी पुढच्या वर्षी, आणि पुढच्या वर्षी यातलं कुणीच वयात बसत नाही. द्यायचा का अर्ज, सांगा.

"त्या देगलूरच्या पोरीचा बाप हमाली करतो," सर म्हणाले. "ती एकवीस मीटर पळून पास झाली मॅडम. तिला कसं काढू?"

महिन्याभरात प्रज्ञाचे वडील येऊन तिचा दाखला घेऊन गेले. सर त्या दिवशी शाळेच्या मागच्या भिंतीशी जाऊन बसले होते. मी सांगायला गेले की ते लोक निघालेत. म्हणाले, "जाऊ द्या."

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी एकट्यानं दोन्ही रेघांच्या विटा उपटून काढल्या. सोमवारी मैदानात दोन लांब चर दिसत होते. शटल रन बंद झाली. गणिताचे सर दारात आले की हे मुकाट्यानं व्हरांड्यात जाऊन उभे राहायचे. गणिताच्या सरांनासुद्धा ते बरं वाटेना. ते मला म्हणाले, "अहो, निदान 'नाही' तरी म्हणायला सांगा त्यांना." खिशातली टेप कधी गेली ते कुणाच्या लक्षात आलं नाही. वर्षभरानं त्यांनी संस्थेच्या नांदेडच्या शाळेत बदली मागून घेतली. नांदेडला काय आहे, मी विचारलं. म्हणाले, "तिथली पोरं मला वळखत न्हाईत."

सामान आधीच नांदेडला गेलं होतं. जायच्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात आले. "मॅडम, निलंग्याला येता का? पोरीला सांगून टाकतो. एकट्याच्यानं व्हायचं न्हाई." दिवाळीची सुट्टी होती. मी गेले.

प्रज्ञा अंगणात सोयाबीन पाखडत होती. आम्हाला बघून सूप टाकून उभी राहिली. उंच झाली होती, हात सोलवटलेले. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली शाळेतलं एक प्रमाणपत्र. आईनं चूल पेटवली, वडिलांनी बाजेवर चादर टाकली. सर बसले, घसा साफ केला. "प्रज्ञा, त्या दिवशीचं तुला एक..."

तिनं पुढं बोलूच दिलं नाही. वाकून पाया पडली आणि तशीच खाली बसली. "सर, माझ्यामुळं तुमचं नाव गेलं. तुम्ही म्हणले होते, आठवा सहज हुतो. मलाच पळता आलं न्हाई. तुम्ही पप्पाला लिहून देतो म्हणले आन् मी..." आणि ती रडायला लागली. वर्षभर हे बाळगून होती पोरगी.

मी सरांकडे पाहिलं. आता बोला, आता तरी बोला, असं मी मनातल्या मनात ओरडत होते. त्यांचे ओठ हलले. "तुझं काही चुकलं न्हाई," ते म्हणाले.

"तुम्ही तसंच म्हणणार सर."

मग वडील बोलले, "जाऊ द्या सर, तुम्ही लई केलं तिच्यासाठी. तिच्यातच नव्हतं तेवढं." मुलीनं मान हलवली. चहा आला. सरांनी विचारलं, दहावी बाहेरून देतीस का. ती म्हणाली, बघू. एवढ्यावर आम्ही उठलो.

सडकेवर येईपर्यंत मी दम धरला आणि मग तोंड सोडलं. मी बरंच बोलले, भ्याड म्हणाले, ते लिहिण्यासारखं नाही. ते ऐकत चालत राहिले. शेवटी म्हणाले, "आता तिला वाटतंय, आपल्यात नव्हतं. सांगितलं तर कळंल की हुतं. मग त्याचं काय करंल ती हितं, सांगा." मला वाटतं यात निम्मी माया होती आणि निम्मी भीती. पण मीसुद्धा मागं वळून सांगायला गेले नाही, हेही खरं.

नांदेडची एसटी आली. सर खिडकीशी बसले, मी त्यांच्या शेजारी. गाडी सुटून वेग घ्यायला लागली तोच मागून हाका आल्या. प्रज्ञा पळत येत होती. एका हातात कागदाचं पुडकं, ओढणी कंबरेला खोचलेली, पायात काही नाही. ड्रायव्हरला दिसली नाही. गाडीनं गिअर बदलला, तिनंही वेग वाढवला. खांदे स्थिर, तोंड मिटलेलं. बघता बघता ती मागच्या चाकाशी आली, मग आमच्या खिडकीशी, आणि तशीच गाडीबरोबर पळत तिनं पुडकं आत दिलं. "सर, आईनं धपाटे दिलेत!" आवाजात धाप नव्हती. मग थांबली आणि हसून हात हलवत राहिली.

सगळी गाडी माना वळवून बघत होती. कंडक्टर तिकिटांचं यंत्र काखेत धरून म्हणाला, "आयला, काय पळती ओ पोरगी! कुठल्या शाळेची हाय?"

सर समोर बघत होते. "कुठल्याच न्हाई," ते म्हणाले.

औसा गेलं, लातूर आलं. मी उतरले. त्यांना पुढं जायचं होतं. खालून मी खिडकीवर टकटक केली, पण त्यांनी पाहिलं नाही. पुडकं त्यांच्या मांडीवर तसंच होतं, कागदावर तेल उतरलेलं, आणि ते दोन्ही हातांनी ते धरून बसले होते. गाडी निघाली. त्यानंतर आमची भेट नाही.